ॲलर्जी असलेल्या मुलीची शाळा : दहा महिन्यांचा अनुभव आणि एका किल्लीविषयी बरेच काही

मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाआधी आम्ही चार शाळा पाहिल्या. तिला अंड्याची सौम्य आणि शेंगदाण्याची गंभीर ॲलर्जी आहे, म्हणजे ॲड्रेनलिनचे पेन (गंभीर झटका आला तर लगेच मांडीत टोचायचे, औषध भरलेले तयार इंजेक्शन) सतत हाताशी ठेवावे लागते. पेनाविषयी याहून जास्त सांगत बसत नाही, थेट शाळेविषयी लिहीत आहे.

निवडीच्या वेळी माझा अंदाज सपशेल चुकला होता. ‘संपूर्ण नट-फ्री परिसर’, म्हणजे आवारात शेंगदाणे, काजू, बदाम वगैरे आणायला बंदी, असे माहितीपत्रकावर ठळक छापणारी शाळा मला सर्वांत भरवशाची वाटली होती. आत्ताच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मात्र ‘एवढ्या मुलांच्या डब्यांत रोज काय येते याची हमी मी देऊ शकत नाही’ असे तोंडावर सांगितले, तेव्हा मी मनातल्या मनात या शाळेवर फुली मारली होती. पहिल्या शाळेत जागा मिळाली नाही म्हणून नाइलाजाने आम्ही इथे आलो.

आता शीर्षकातल्या किल्लीविषयी. मुलीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, कार्यालय तळमजल्यावर, औषधांचे कपाट कार्यालयात, कपाटाला कुलूप, त्याची किल्ली लिपिकांच्या खणात आणि त्या खणालाही कुलूप. ‘सर्व औषधे कुलपात’ हा नियम तापाच्या औषधाला ठीक आहे, पण तोच नियम पेनालाही लावलेला होता. पहिल्या मात्रेने आराम पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांत दुसरी द्यावी लागू शकते, म्हणून शाळेने दोन पेने मागितली, आणि ते योग्यच होते. घरची दोन धरून चार झाली, आणि मुदत साधारण वर्ष-दीड वर्षाची, म्हणजे न वापरता टाकून देण्यासाठीच पुन्हा पुन्हा विकत घ्यायच्या या वस्तू. खर्च डोळ्यांत येत नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू दोन कुलपांआड बसते, या एका गोष्टीने माझी जितकी चिडचिड झाली तितकी प्रवेशाच्या सगळ्या धावपळीतही झाली नव्हती.

चौथ्या महिन्यात हस्तकलेच्या तासाला अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेपासून सुरवंट करायचे होते. डब्याचा विचार सगळ्यांनी केला होता, ट्रेचा कोणाच्याही डोक्यात आला नाही, माझ्याही नाही. मुलीच्या मानेवर गांधी उठल्या आणि एक डोळा सुजला. वर्गशिक्षिकांनी तिला खाली बसवले, मला फोन केला आणि पेन आणायला माणूस धाडला. त्या दिवशी लिपिक जेवायला बाहेर गेले होते. पेन वर्गात पोहोचायला नऊ मिनिटे लागली. श्वासाचा त्रास नव्हता, उलटी नव्हती, त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आराखड्याप्रमाणे ॲलर्जीच्या नेहमीच्या औषधावर भागले आणि संध्याकाळपर्यंत ती खेळू लागली. कार्यालयातून मला उत्तर मिळाले : ‘पण काही झाले नाही ना?’

यावर मी तीन पत्रे लिहिली. ॲलर्जीचे नेहमीचे औषध खाज आणि गांधी कमी करते, पण आवळलेला श्वास मोकळा करत नाही किंवा घसरलेला रक्तदाब सावरत नाही, ते काम ॲड्रेनलिनचेच आहे, आणि अंड्याच्या जागी शेंगदाणा असता तर त्या नऊ मिनिटांचा हिशेब कोणी दिला असता, एवढाच माझा मुद्दा होता. पहिल्या दोन पत्रांची केवळ पोच मिळाली.

तिसऱ्या पत्रानंतर मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतले आणि वाद न घालता सगळ्या शिक्षकांसमोर सराव ठेवला, तेव्हा माझ्या मताला पहिला धक्का बसला. घड्याळ लावून, लिपिक जागेवर असताना, पेन दुसऱ्या मजल्यावर यायला सहा मिनिटे चाळीस सेकंद लागली. मग सुई नसलेले सरावाचे पेन हातोहात फिरले. एका शिक्षिकेने ते उलटे धरून टोकावर अंगठा ठेवला. खरे पेन असते तर सुई अंगठ्यात गेली असती. मूठ वळून धरायचे, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यांवरूनच दाबायचे आणि मुलाला आडवे ठेवायचे, श्वास लागत असेल तरच बसवायचे आणि चालवत तर मुळीच न्यायचे नाही, हे प्रत्येकाकडून करवून घेतले. त्याच आठवड्यात दोन्ही पेने नारिंगी पिशवीत घालून वर्गाच्या दारामागे, मोठ्यांचा हात पोहोचेल अशा उंचीवर, कुलपाविना टांगली गेली. मैदानावर जाताना ती पिशवी वर्गाबरोबर जाते, मात्र उन्हात ठेवली जात नाही.

दुसरी सुखद गोष्ट मला आधी नसता सोपस्कार वाटली होती. खाऊन झाल्यावर मावशी प्रत्येक मुलाचे हात साबणाने धुवून घेतात आणि टेबले साबणाच्या पाण्याने पुसतात. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण हाताला लागलेले शेंगदाण्याचे प्रथिन जात नाही, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होते. यामुळेच सुरुवातीचे दोन आठवडे वेगळ्या बाकावर एकटी जेवणारी मुलगी आता मैत्रिणींच्याच टेबलावर, कडेच्या जागेवर बसते. नुसत्या वासाने तिला काही होईल ही शिक्षकांची भीतीही डॉक्टरांच्या पत्रानंतर गेली, कारण गंभीर त्रास होतो तो मुख्यतः पदार्थ पोटात गेल्यामुळे.

तिच्याच वर्गात दुधाची ॲलर्जी असलेला एक मुलगा आहे. ‘नट-फ्री’ पाटीचा त्याला काय उपयोग झाला असता, हा प्रश्न मला शाळा निवडताना पडला नव्हता. दूध प्रत्येक डब्यातून हद्दपार करणे कोणालाच जमणार नाही. हात धुणे आणि पेन जवळ ठेवणे मात्र दोघांच्याही कामी येते. आता कोणी शाळेविषयी विचारले तर मी डब्यांच्या नियमाआधी किल्ली कोणाकडे असते हे विचारायला सांगते.

उणीव अजून आहेच. वर्गशिक्षिका रजेवर गेल्या की बदली शिक्षकांना पिशवीविषयी कोणी सांगत नाही. असे दोनदा झाले आणि दोन्ही वेळा मुलीनेच पिशवीकडे बोट दाखवले. सहा वर्षांच्या मुलीवर हे ओझे नको, असे चौथे पत्र मी दिले आहे. पुढच्या वर्षीचा प्रवेश मात्र आम्ही याच शाळेत कायम केला. दुसरीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी घड्याळ घेऊन पुन्हा जाणार आहे.