पाच एमएम ॲक्रिलिक सांगून भलतंच गळ्यात मारलं, विंचू पाळणाऱ्यांनी जरूर वाचा

मी दापोलीत राहतो आणि एम्परर विंचू पाळतो. हा आफ्रिकेतला, साइट्स म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मधला प्राणी आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची रीतसर नोंद केलेली आहे, त्यामुळे तो विषय इथे नको. लिहायचंय ते त्याच्या पेटीबद्दल. एका ऑनलाइन विक्रेत्याने ॲक्रिलिकची पेटी, हीटिंग आणि लाइट असा "कम्प्लीट सेट" म्हणून साडेसात हजार आगाऊ घेऊन मला जे पाठवलं त्यात माझा विंचू भाजून मेला असता. तो सेट अजून विकला जातोय, गुहागर आणि सावंतवाडीकडच्या दोघांनी मला सांगितलं की त्यांच्या पेट्याही अशाच वाकल्यात, म्हणून सविस्तर लिहितोय.

कोकणात विंचवाला हीटिंग कशाला असं बरेच जण विचारतात. खाली हर्णैला किंवा रत्नागिरीत खरंच फारशी गरज नाही, पण दापोली वर पठारावर आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारापर्यंत येतो, आणि या विंचवाला साधारण 25 ते 30 डिग्री आणि भरपूर ओलावा लागतो. विक्रेत्याला मी हे सगळं आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला काळजीच नको दादा, 5 एमएम कास्ट ॲक्रिलिक आहे, खाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, चिकटवलेलीच येते, थर्मोस्टॅट 28 वर सेट करून देतो, तुम्ही फक्त प्लग लावा.

सगळ्यात मोठी फसवणूक त्या थर्मोस्टॅटमध्ये होती. काळी छोटी डबी, समोर आकडे, मागून वायर निघून सेन्सर पेटीत गेलेला. दिसायला एकदम बरोबर. पण ती डबी म्हणजे फ्रीजमध्ये लावतात तसला साधा डिजिटल थर्मामीटर निघाला, बटन सेलवर चालणारा, शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा. तो तापमान दाखवतो, पण थर्मोस्टॅटसारखी मॅटची वीज कापत नाही. मॅटची वायर थेट ॲडॅप्टरला जोडलेली होती आणि दोन्ही वायरी एकाच काळ्या नळीतून घेतल्यामुळे बाहेरून वाटायचं की मॅट डबीतूनच चालतेय. मुद्दाम केल्याशिवाय अशी जोडणी होत नाही, एवढं मी ठामपणे सांगतो. ॲडॅप्टरवर बीआयएसचा आर नंबर, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा नोंदणी क्रमांकही नव्हता.

शिवाय पेटीखाली "इन्सुलेशन" म्हणून त्याने थर्माकोलची शीट चिकटवून दिली होती, म्हणजे मॅटची उष्णता खाली जायला वाव नाही आणि वर तीन इंच ओला कोकोपीट, आपला नारळाच्या सोडणाचा भुसाच तो, मग मधल्यामध्ये गरम होत राहिलं. सेन्सर वर हवेत लोंबत होता त्यामुळे डबीवर 29 दिसायचं आणि आम्ही घरात निश्चिंत. एका सकाळी बघतो तर विंचू पाण्याच्या वाटीच्या काठावर चढून बसलेला, झाकणाचे दोन कोपरे वर उचललेले, तळ खाली बसलेला आणि एका बाजूचा जोड उघडलेला. मॅट सोडवून टेम्परेचर गन लावली तर ऐंशीच्या वर, आणि थर्माकोलला चक्क खड्डा पडला होता. विंचवाला उकडलं की तो खाली खणत जातो, जमिनीत खाली गारवा असतो हे त्याच्या अंगातच आहे, त्यामुळे खालून तापवलेल्या पेटीत तो जीव वाचवायला अजून चटक्याकडेच जातो. माझा वर आला हे नशीब. लगेच जुन्या काचेच्या टाकीत हलवला.

फोन केल्यावर विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं, तुमच्याकडची हवा दमट आहे, ॲक्रिलिक वाकणारच. यात थोडं खरं आहे म्हणूनच लोक गप्प बसतात. ॲक्रिलिक पाणी शोषतं, आतली बाजू ओली आणि बाहेरची कोरडी राहिली की आतली बाजू फुगते आणि झाकणाचे कोपरे हळूहळू वर येतात. पण ते झाकण उलटं करून ठेवलं की बऱ्याचदा आपोआप सरळ होतं, आणि दमटपणाने तळ बसत नाही की जोड उघडत नाही. कास्ट ॲक्रिलिक शंभरच्या आसपास गेल्यावर मऊ पडतं, सतत वापरायला सत्तरपर्यंत ठीक असतं, एकट्या ओलाव्याने त्याचं असं होणार नाही.

मग चिपळूणला बोर्ड आणि नंबर प्लेट बनवणाऱ्या मित्राकडे पेटी नेली. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर पाच एमएमच्या जागी तीनसुद्धा पूर्ण भरेना. त्याने एक तुकडा पेटवला, काळा धूर आणि काजळीच्या लोंब्या. तो म्हणाला हे ॲक्रिलिकच नाही, पॉलिस्टायरीन आहे, ॲक्रिलिक जळताना गोडसर वास येतो आणि धूर कमी असतो. घरी जाळायच्या भानगडीत पडू नका, मिठाने तपासा. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि तुकडा बुडवून, वरचे बुडबुडे पुसून सोडा. ॲक्रिलिक तळाला जातं, पॉलिस्टायरीन वर येतं. तुकडा नसेल तर वजन बघा, 5 एमएम ॲक्रिलिकचा एक चौरस फूट साधारण साडेपाचशे ग्रॅम भरतो, 3 एमएमचा सव्वातीनशेच्या आसपास.

लाइटचंही तेच. झाकणाला आतून जांभळी एलईडी पट्टी चिकटवलेली, "यूव्ही, चोवीस तास चालू ठेवा" म्हणून सांगितलेलं. विंचू रात्रीचा प्राणी, त्याला यूव्ही लागतच नाही, यूव्हीत त्याचं अंग चमकतं खरं, पण जास्त वेळ यूव्हीत ठेवलं तर ती चमक कमी होते आणि तो बिळातून बाहेर पडायचं टाळतो. चमक बघायची तर 395 नॅनोमीटरची टॉर्च घेऊन काही सेकंद बघायचं आणि बंद करायचं. शिवाय मीटरमध्ये 60 एलईडी असलेली 5050 प्रकारची पट्टी मीटरला 14 वॅटच्या वर खाते, ती उष्णता थेट झाकणात जाते. उजेड हवा असेल तर पट्टी पेटीच्या बाहेर, बोटभर वर, ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये लावा आणि झाकणात जाळी ठेवा. ॲक्रिलिकच्या झाकणावर बल्ब कधीच नको.

मॅट लावायचीच तर बाजूच्या भिंतीला, बाहेरून, मध्ये चार-पाच एमएम हवा सोडून लावा, पेटीची एकच बाजू गरम ठेवा म्हणजे त्याला गारव्याकडे जाता येईल, आणि सेन्सर मॅटच्याच समोर भिंतीला चिकटवा. थर्मोस्टॅट तपासायचा तर सेन्सर कोमट पाण्याच्या कपात धरा, आतून टिक असा आवाज येऊन मॅटची लाइन बंद झाली पाहिजे. पैसे द्यायच्या आधी हा व्हिडिओ मागा. मी नंतर मागितला तेव्हा मला ब्लॉक केलं.

आणि झाकण उचललं गेलं ही गोष्ट हलकी घेऊ नका. एम्पररचा डंख सहसा नुसता दुखतो. तेच आपला लाल विंचू असता तर घरातल्या पोराच्या जिवावर बेततं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून या दंशाची असंख्य माणसं वाचवली, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ते कोकणात कुणाला वेगळं सांगायला नको. तरीही असल्या पेटीत लाल विंचू ठेवणारे आहेत म्हणून कळकळीने सांगतोय.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार दिली आहे, फोटो, व्हर्नियरचं माप, पेमेंटची पावती सगळं जोडलंय. पैसे अजून आलेले नाहीत. पैसे घेऊन मालच पाठवला नाही असं कुणाचं झालं असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा, उशीर केलात तर रक्कम पुढे सरकते. आणि ज्यांच्याकडे खाली मॅट चिकटवलेला, काळ्या डबीवाला असा सेट आलाय त्यांनी आज रात्रीच प्लग काढा. थंडी वाटली तर पेटी आतल्या खोलीत न्या, एक-दोन रात्री वीस डिग्रीत विंचवाला काही होत नाही.