शंभर युनिटची बॅटरी भरलेली आणि दार उघडेना : इलेक्ट्रिक लक्झरी सेडानचा ११ महिन्यांचा अनुभव

गाडीला अकरा महिने झाले, चौदा हजार किलोमीटर झाले. खरंतर वर्षं पूर्ण झाल्यावर सावकाश लिहिणार होतो पण मागच्या महिन्यात जे झालं त्यानंतर थांबवेना. गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हा प्रकार या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये होऊ शकतो आणि मला एकाच कंपनीवर चिखलफेक करायची नाही. रेंज, पिकअप, स्क्रीन यावर ढिगाने व्हिडिओ आहेत ते तुम्ही बघितलेच असतील, मी ते परत सांगत बसत नाही.

तर पहाटे साडेपाच. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, सातला पोचायचं होतं. गाडी रात्रभर चार्जरला लावलेली, झोपताना ॲपवर ८० टक्के बघूनच झोपलो होतो. किल्ली खिशात घेऊन जवळ गेलो, एरवी हँडल आपणहून बाहेर येतं, ते आलंच नाही. किल्लीचं बटण दाबलं, काही नाही. ॲप उघडलं तर नुसतं गोल गोल फिरतंय. बाबा स्वेटर घालून शेजारी उभे, हातात फाईल. किल्लीच्या पोटात एक छोटी लोखंडी पात असते ती काढली, हँडल एका टोकाला दाबलं की दुसरं टोक वर येतं, त्याच्या खाली भोक, तिथे पात घालून फिरवली तेव्हा कुठे दार उघडलं. आत मिट्ट काळोख. एवढे मोठे स्क्रीन आणि एक दिवा लागायला तयार नाही. ब्रेक दाबला, काही नाही. त्यात चार्जिंगची केबल सॉकेटमध्ये घट्ट अडकलेली, कारण तिला धरून ठेवणारी पिन पण करंटवर चालते. म्हणजे समजा ढकलून गाडी बाजूला करायची म्हटली तरी ती भिंतीला बांधलेली. ती पिन हाताने सोडवायची एक दोरी असते, पुस्तकात लिहिलंय, ती डिकीत उजव्या बाजूच्या अस्तरामागे. आणि डिकी करंटवर उघडते.

शेवटी शेजारच्या काकांनी त्यांची बारा वर्षं जुनी पेट्रोल गाडी काढली आणि आम्हाला वेळेत पोचवलं. बाबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं.

आता हे का झालं ते नीट सांगतो कारण गाडी घेताना मला हे कोणीही सांगितलं नव्हतं. खाली जी मोठी बॅटरी असते, शंभर युनिटच्या आसपासची, ती गाडी बंद असताना बाकी गाडीपासून पूर्ण तोडलेली असते, सुरक्षेसाठी, आणि ते योग्यच आहे. तिला जोडणारे जे मोठे स्विच असतात, काँटॅक्टर म्हणतात, ते जोडून धरायला वेगळी १२ व्होल्टची छोटी बॅटरी लागते. दार, हँडल, कंप्युटर, केबलची पिन, सगळं त्या छोट्या बॅटरीवर. ती संपली की खाली ८० टक्के असो नाहीतर १०० टक्के, तिजोरी भरलेली आणि किल्ली आत राहिली अशी गत. आणि रात्रभर चार्जरला होती त्याचा उपयोग काय, तर ८० टक्क्यांची मर्यादा लावलेली, ते झालं की काँटॅक्टर सुटतात, मोठी बॅटरी परत तोडली जाते आणि गाडी झोपते, त्यानंतर छोटीला कोणी भरत नाही. काही गाड्या अधूनमधून जागं होऊन छोटीला भरतात, पण ते सॉफ्टवेअरने ठरवलेलं, ते चुकलं की संपलं.

पेट्रोल गाडीत बॅटरी म्हातारी झाली की स्टार्टर कण्हायला लागतो, आठ दहा दिवस आधीच कळतं. इथे स्टार्टरच नाही. त्यामुळे ती आतून मरत असते आणि शेवटच्या दिवसापर्यंत गाडी एकदम झकास चालते.

सर्व्हिसवाल्यांशी भांडण झालं ते थोडक्यात. गाडी उचलून नेली, चार दिवसांनी फोन, सर बॅटरी बदलावी लागेल, ही वेअर अँड टेअरमध्ये येते, वॉरंटीत नाही. मोठ्या बॅटरीला ८ वर्षांची वॉरंटी आणि छोटीला काहीच नाही? अकरा महिन्यांत? मी म्हटलं मला लेखी द्या की अकरा महिन्यांत ही बॅटरी झिजणं नॉर्मल आहे. लेखी दिलं नाही. तीन मेल, दोन चकरा, मग 'गुडविल' म्हणून बॅटरी फुकट पण लेबर माझा. रक्कम फार नव्हती पण एवढे पैसे मोजून गाडी घेतल्यावर पैशापैशासाठी वाद घालायला लागावा याचा मला अजून राग आहे. मी बिल भरलं ते नाराजीची नोंद करून.

गाडी निवडताना मी काय काय बघितलं होतं ते आठवलं की वाईट वाटतं. सहा महिने घालवले. मर्सिडीज ईक्यूएस बघितली, बीएमडब्ल्यू आय७ बघितली, पोर्शे टायकान बघितली, टेस्ला मॉडेल एस आणि ल्यूसिड एअरबद्दल मिळेल ते वाचलं. वहीत रकाने आखले होते. सुरुवातीच्या ईक्यूएसची वापरता येणारी बॅटरी १०७.८ युनिट, आय७ची १०१.७ होती. टायकान ८०० व्होल्टची म्हणून चार्जिंग भराभर, २०२४च्या मॉडेलला ३२० किलोवॅटपर्यंत घेते, बाकीच्या दोघी २००च्या आसपास. ल्यूसिडची ५२० मैल म्हणजे ८३७ किलोमीटर रेंज वाचून तर झोप लागली नव्हती. एवढे रकाने, आणि छोटी बॅटरी कुठे आहे, कसली आहे, संपली तर आत कसं शिरायचं, यासाठी एक रकाना नव्हता. ज्यांनी विचार केलाय ते दिसतं हो, टेस्लाने २०२१ मध्ये मॉडेल एसमधली जुनी शिसे-ॲसिडची १२ व्होल्ट काढून १६ व्होल्टची लिथियम टाकली. उलट ईक्यूएसचं बॉनेट मालकाने उघडायचंच नाही, काच धुवायचं पाणी भरायला डावीकडच्या फेंडरवर एक झाकण दिलंय बस. मला दाखवताना ते सोय म्हणून सांगितलं होतं, तेव्हा मलाही छान वाटलं होतं, आता तसं वाटत नाही. ज्या गाडीत मला हात घालता येत नाही ती बंद पडली की मी फक्त फोन करू शकतो.

इथपर्यंत मी तीन आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं, रागात. आता पुढचं लिहितोय आणि काही मतं बदललीत, वरचं खोडत नाही पण.

नवीन बॅटरी बसवल्यावर मी तिच्यावर एक छोटा ब्लूटूथ व्होल्टमीटर लावला, तो फोनवर आलेख काढतो. भरलेली शिसे-ॲसिड बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२च्या खाली गेली की ती बरीच रिकामी समजायची. पहिल्या रात्री १२.६ वरून सकाळी १२.१. आलेखात दर थोड्या वेळाने एक खड्डा. म्हणजे कोणीतरी गाडीला रात्रभर झोपूच देत नाहीये. दुसऱ्या रात्री तेच. ॲप काढून टाकलं, तरी तेच. मग सर्व्हिसमधला एक तरुण मेकॅनिक, ज्याच्याशी माझं भांडण नव्हतं, तो म्हणाला सर किल्ली कुठे ठेवता? किल्ली आमच्या दाराशेजारच्या खुंटीला. भिंतीपलीकडे गाडी, हाताच्या अंतरावर. किल्ली जवळ आली असं वाटून गाडी जागी व्हायची, कंप्युटर उठायचे, कोणी येत नाही बघून परत झोपायचे, परत उठायचे. किल्ली आतल्या खोलीत कपाटात ठेवली, त्या रात्री १२.६ वरून १२.५. दुसऱ्या रात्री तेच. वीस दिवस झाले, तेच.

हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला हे मान्य. गाडी खराब नव्हती. पण निम्मा अजून आहे. गाडीला स्वतःला कळत होतं ना की बॅटरी उतरत चाललीय, मग खालच्या शंभर युनिटमधून चमचाभर वरती का घेतलं नाही? माझ्या फोनवर ती टायरमधली हवा कळवते, काच उघडी राहिली ते कळवते, पण छोटी बॅटरी उतरतेय हे एकदाही कळवलं नाही. आणि किल्ली गाडीपासून लांब ठेवा ही ओळ पुस्तकात आहे, मी शोधली, जाडजूड पुस्तकाच्या मागच्या भागात. डिलिव्हरीच्या दिवशी दोन तास मला सीटचा मसाज आणि दिव्यांचे रंग शिकवले, त्यात ही एक ओळ बसली असती.

आता जंप कसं द्यायचं, म्हणजे उतरलेल्या छोट्या बॅटरीला बाहेरून करंट देऊन गाडी जागी कशी करायची, तेही शिकून घेतलं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. इथे इंजिन फिरवायचं नसतं, फक्त कंप्युटर आणि काँटॅक्टर जागे करायचे असतात, त्यामुळे हातात मावणारा जंप पॅक पुरतो. लावला की दिवे येतात, ब्रेक दाबून स्टार्ट केलं की खालून टक् टक् असा आवाज येतो, तो आवाज आला की मोठी बॅटरी जोडली गेली आणि आता तीच छोटीला भरणार. फक्त आपल्या पुस्तकात दाखवलेल्याच टोकांना लावा. आणि उलटं करू नका, म्हणजे आपल्या इलेक्ट्रिकवरून दुसऱ्याच्या पेट्रोल गाडीला जंप देऊ नका, बहुतेक कंपन्या नको म्हणतात. जंप पॅक डिकीत मात्र ठेवायचा नाही, डिकी उघडली नाही तर काय करणार. माझा घरात असतो, चपलांच्या कपाटावर.

बाकी गाडीबद्दल लिहायलाच हवं नाहीतर अन्याय होईल. चालवायला इतकी सुंदर गाडी मी आयुष्यात चालवली नाही. मागची चाकं पण वळतात त्यामुळे एवढं मोठं धूड छोट्या गाडीसारखं वळतं. ब्रेक पॅड चौदा हजारला जवळपास नव्यासारखे, कारण ब्रेकचं बहुतेक काम मोटरच करते, वेग ओढून घेऊन परत बॅटरीत भरते. टायर मात्र खातेय, वजन अडीच टनांच्या घरात आहे, मागचे दोन या वर्षातच बदलायला लागतील. टायरच्या आत आवाज शोषायला फोम चिकटवलेला असतो, पंक्चर काढणाऱ्याने तो खरवडून मग पॅच लावला, परत चिकटवला नाही, आता त्या चाकाचा आवाज वेगळा येतो, मला येतो, बायको म्हणते येत नाही.

गाडी निवडताना मागच्या सीटवर जरूर बसून बघा, तेही अर्धा तास. बॅटरी पायाखाली असल्यामुळे जमीन वर येते आणि गुडघे उंच होतात, मांड्या सीटला टेकत नाहीत. टायकानमध्ये मागच्यांच्या पायासाठी बॅटरीतच खड्डे सोडलेत, गाडी बुटकी असून बसता येतं ते त्यामुळे. आय७ पेट्रोलच्या सात सिरीजच्याच अंगावर बांधलेली, उंच, दीड मीटरच्या वर, वयस्कर माणसाला चढायला उतरायला चांगली. बाबांना घेऊन फिरायचं म्हणून मी हे बघितलं होतं आणि ते बघितल्याचं समाधान आहे. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी त्यांना तपासायला नेलं तेव्हा ते मागे बसून झोपले. पोचल्यावर उठवलं तर म्हणाले, निघालो नाही का अजून?

गेल्या रविवारी मेहुण्याबरोबर शोरूमला गेलो, त्याला याच वर्गातली घ्यायचीय. सेल्समनने शून्य ते शंभर सांगितलं, स्पीकर सांगितले. मी म्हटलं ते राहू द्या, करंट गेलाय असं समजा, केबल अडकलीय, मला दार उघडून केबल काढून दाखवा. तो बिचारा चांगला मुलगा होता, प्रामाणिकपणे म्हणाला सर मला माहीत नाही, थांबा. आतून दुसऱ्याला बोलावलं, मग तिसऱ्याला. पंचवीस मिनिटांनी बॉनेटखाली, एका काळ्या टोपणामागे, ती दोरी सापडली. मेहुण्याने स्वतः ओढून बघितली, खट् करून पिन मागे गेली, आणि मग तो म्हणाला, आता टेस्ट ड्राइव्ह घेऊ.