अन्नपूर्णा सर्किटचे लॉज, एका मेसवालीच्या नजरेने

निकाल आधी सांगते. नेपाळच्या अन्नपूर्णा सर्किट या ट्रेकच्या वाटेवरच्या लॉजना माझ्याकडून खोलीचे पाचपैकी दोन आणि जेवणाचे साडेचार. नाशकात मी मुलांची मेस चालवते, त्यामुळे दुसऱ्याच्या स्वयंपाकाला मार्क देताना माझा हात जरा आखडताच असतो, हे लक्षात घ्या.

आम्ही दोघं, पन्नाशी ओलांडलेले, आपापल्या पाठीवर आपापली सॅक घेऊन चामेपासून चालायला लागलो. मनंग, थोरोंग ला खिंड, मुक्तिनाथ करत मार्फापर्यंत उतरलो. तंबू नाही, स्टोव्ह नाही, शिधा नाही. या वाटेची खरी सोय हीच आहे की थोड्या थोड्या अंतरावर कुणीतरी चूल पेटवून बसलेलं असतं.

हा धंदा कसा चालतो ते समजून घेतलं तर निम्म्या तक्रारी आपोआप गळतात. खोलीचं भाडं नावापुरतं असतं, बऱ्याच ठिकाणी एका डाळभाताहूनही कमी. अट एकच, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता तिथेच करायचा. कमाई सगळी स्वयंपाकघरात. मनंगला आमच्या शेजारच्या खोलीतलं एक जोडपं बाहेरच्या बेकरीत जेवून आलं, तर सकाळी मालकिणीने खोलीचं भाडं चांगलं चढवून लावलं. त्यांची तणतण झाली. मला मालकिणीचं पटलं. माझ्याकडे कुणी नुसतं पंख्याखाली बसायला आलं तर मी तरी काय करीन? मेन्यूवरचे दर गावातल्या लॉजवाल्यांची समिती ठरवते, त्यामुळे एका गावात सगळीकडे भाव तोच. जसजसं वर जाल तसे ते चढतात, कारण मनंगच्या पुढे सिलिंडर आणि तांदूळ खेचरांच्या पाठीवरून जातात.

मेन्यू वाचायला मजा येते. पिझ्झा, लझान्या, स्प्रिंग रोल, शक्शुका, सगळं आहे. मागवायचा मात्र डाळभात. भात, डाळ, भाजी, लोणचं, वर पापड, आणि डाळ-भात-भाजी पुन्हा पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दिवसभर चढून आलेल्या माणसाला दुसरं काही परवडत नाही, खिशाला आणि पोटालाही. बटाटे भाजीचे असोत की नुसते उकडलेले, तिथले बटाटे फार चवीचे. मांस टाळा. मनंगच्या वर ते किती दिवसांपूर्वीचं असेल ते विचारूच नका.

जोडप्यांसाठी माझी एकच सूचना: दोघांनी एकच पदार्थ सांगा. आमच्या ह्यांना पहिल्या दिवशी पास्ता हवा होता आणि मला डाळभात. स्वयंपाकघरात दोन शेगड्या आणि डायनिंग हॉलमध्ये वीस माणसं. माझं तिसरं वाढप संपलं तरी ह्यांचा पास्ता चुलीवर चढलेला नव्हता. एकसारखी ऑर्डर दिली की एकत्र येते, गरम येते, आणि आतल्या बाईचा गॅसही वाचतो. तिथे गॅस वाचवणाऱ्या गिऱ्हाइकाला मान आहे. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ताटात लोणचं जास्त पडायला लागलं.

लॉज निवडताना गाइड खोल्या दाखवायला न्यायचा आणि मी आधी स्वयंपाकघरात डोकावायची. तो हसायचा, "दिदी, रूम उधर है." अहो, रूम सगळीकडे सारखीच! प्लायवूडच्या भिंती, दोन अरुंद लाकडी खाटा, शेजारच्याने कूस बदलली की आपल्याला कळतं. बघायचा तो कुकर. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास ठेवली तरी दाणा बोटाला लागतो. जिथे मोठा कुकर, घासलेली भांडी आणि झाकून ठेवलेलं पाणी, तिथे मी सॅक टेकवली, आणि पोट कुठेही बिघडलं नाही.

खिंडीच्या अलीकडचं सगळ्यात चांगलं जेवण अप्पर पिसांगला. खालच्या पिसांगला थांबू नका. अर्ध्या तासाचा चढ आहे, दम लागतो, पण समोर अन्नपूर्णा २ उभी असते. तिथल्या आजींनी डाळीला तुपात जिंबूची फोडणी दिली. जिंबू म्हणजे हिमालयातल्या रानकांद्याची वाळलेली पात. तुपात पडली की लसूण आणि हिंग दोन्ही एकदम टाकल्यासारखा वास सुटतो. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्यांना हिंदी मोजकंच येत होतं, मला नेपाळी शून्य, तरी प्रमाण मला कळलं: पाच माणसांना चिमूटभर, आणि तूप आधी धुरावू द्यायचं नाही. वाटेत भ्राताङच्या पुढे एक प्रचंड वाकडा कडा दिसतो, स्वर्गद्वारी म्हणतात. मेलेल्या माणसाचा आत्मा तो चढून जातो अशी तिथल्या गुरुंग लोकांची समजूत. त्या कड्याखालून चालताना हे पहिल्यांदाच माझ्यामागे राहिले.

वाईट अनुभवही सांगते. एका मुक्कामी डाळ म्हणजे पिवळं पाणी, दुसऱ्यांदा भात मागितला तर तोंड वाकडं, आणि गरम पाण्याच्या बादलीचे पैसे घेऊन कोमट बादली. चार्जिंगचे वेगळे पैसे, वायफायचे वेगळे. चार्जिंगचं मला पटतं, कोमट बादलीचं नाही. संडास बहुतेक ठिकाणी आपल्या पद्धतीचे आणि बाहेर, पहाटे पिंपातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. रात्री दोन ब्लँकेटं मागून घ्या. ती देतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत.

मनंगला सुमारे ३,५०० मीटरवर दोन रात्री काढाव्यातच, शरीराला उंचीची सवय होण्यासाठी. इथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे आणि सीझनमध्ये दुपारी डॉक्टर विरळ हवेच्या त्रासावर बोलतात. आवर्जून ऐका. आमचे हे "मला काही होत नाही" या वृत्तीचे. तासाभराने बाहेर आले ते पावलं मोजत. प्लॅस्टिकची बाटली विकत घेऊ नका, वाटेवरच्या गावांत शुद्ध पाण्याची केंद्रं आहेत, तिथे बाटली भरून मिळते.

पुढे याक खर्का, मग थोरोंग फेदी. इथे लॉज कमी, गर्दी जास्त, आणि मालकाचा शब्द हवामान खात्याइतका महत्त्वाचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद वादळामुळे या खिंडीच्या परिसरात अचानक बर्फ कोसळून चाळीसहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून ‘आज थांबा’ म्हटलं की थांबायचं. ह्यांना वरच्या हाय कॅम्पला झोपायचं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा चढ कमी. मी म्हटलं, "अहो, उंचीवर झोप लागत नाही, फेदीलाच राहू." गाइडने माझी बाजू घेतली. फेदीच्या जेवणाला मी साडेतीन देईन, त्यातला अर्धा पहाटे चारला तयार असलेल्या लसणाच्या सूपसाठी. खिंडीच्या माथ्यावर, ५,४१६ मीटरवर, पताकांच्या गर्दीत फोटो काढला, वाऱ्याने उभं राहू दिलं नाही, पाच मिनिटांत निघालो.

खरी परीक्षा उताराची. मुक्तिनाथपर्यंत सोळाशे मीटर एका दिवसात उतरायचं, गुडघे बोलतात. तिथल्या मंदिरातल्या १०८ धारांखाली अंघोळ ह्यांनी केली, मी हात-पाय धुऊन दर्शन घेतलं. जीपने आलेले भाविक आमच्या काठ्या बघून चौकशा करतात. या बाजूला जेवण बदलतं. थकाली लोकांच्या हातचा डाळभात म्हणजे ताटात शिस्त: फापराच्या (कुट्टूच्या) पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा म्हणजे ढिंडो, आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचं गुंद्रुक, तिमुराची चटणी, वर तूप. इथे मी पूर्ण पाच देते. तिमूर जिभेला मुंग्या आणतो, आपल्या तिरफळाचा भाऊबंद आहे तो.

जीपचा रस्ता आता दोन्ही बाजूंनी बराच वर आला आहे, धूळ खावी लागते. लाल-पांढऱ्या रंगाच्या खुणा शोधत जुन्या पायवाटेने गेलात तर निम्मी धूळ टळते. जोमसोमच्या खाली दुपारी चालू नका, काली गंडकीच्या खोऱ्यातला वारा वाळू तोंडावर मारतो.

कामाचं: आपल्याला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना सार्क देशांना १,००० नेपाळी रुपये आहे, आपले शंभर म्हणजे तिथले १६०. नाशकाहून गोरखपूर रेल्वेने, सुनौलीला सीमा ओलांडून बसने पुढे. परदेशी ट्रेकरने परवानाधारक गाइड घ्यायचा नियम २०२३ मध्ये आला, घ्याच. रोकड चामेच्या आधी लागणाऱ्या बेसीसहरलाच काढा. उपवास असेल तर उकडलेले बटाटे आणि मिरचीची चटणी सांगा, मीठ वेगळं मागून घ्या.