‘टांगा’ : मारिओ बाउसांची सीडी

क्युबातल्या हवानात 1911 साली जन्मलेले मारिओ बाउसा हे मुळात क्लॅरिनेटवादक. न्यूयॉर्कला गेल्यावर त्यांनी ट्रम्पेट धरलं. जॅझ ड्रमर चिक वेबच्या ऑर्केस्ट्राचे ते संगीत दिग्दर्शक होते, पुढे गायक-बँडलीडर कॅब कॅलोवेकडेही वाजवलं. पण खरं काम 1940 नंतरचं, मेहुणा, गायक माचितोच्या आफ्रो-क्युबन जॅझ बँडमधलं. ‘टांगा’ ही 1943 ची रचना तिथलीच. 1992 च्या या सीडीत तिचाच लांबलचक विस्तार आहे.

ऐकताना क्लावे, म्हणजे या संगीताचा पाया असलेला पाच ठोक्यांचा ठेका, धरा: सोळा मात्रा मोजा आणि 1, 4, 7, 11, 13 वर टाळी द्या. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्यात दोन; हे तीन-दोनचं रूप. दोन-तीनमध्ये दोन्ही अर्धे उलटतात. आपले कान समेची वाट बघतात आणि तिथेच फसतात, कारण बास बहुधा समेच्या आधीच येऊन बसतो. मोबाईलच्या स्पीकरवर हा बास जवळजवळ गायबच, मग नुसती ब्रासची (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची) आतषबाजी उरते. हेडफोन हवेच.

माचितोच्या बँडची जुनी गायिका ग्रासिएला हिचा आवाज वयानं खरखरीत झालाय, तरी ठसका तोच. सलग ऐकताना मध्ये थोडं जड होतं. जुनं, आटोपशीर माचितो-रेकॉर्डिंग आधी ऐका, मग हे.