घरीच दुरुस्त करून पुन्हा उभी केलेली येझदी रोडकिंग: आठ महिने आणि ४,२०० किलोमीटरनंतर

गेल्या दसऱ्याला माझ्या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलला झेंडूचा हार घातला, तेव्हा काटा शून्यावर होता. आता जूनमध्ये तो ४,२०० दाखवतोय. रोजचं पुण्यातलं सहकारनगर ते हडपसर, रविवारी दिवेघाट नाहीतर सिंहगड, आणि एकदा महाबळेश्वर. त्याआधी अकरा महिने पार्किंगमध्ये इंजिन उघडून बसलो होतो, तेव्हा चालवल्यावर काय टिकतं हे कुणीतरी सांगावं असं फार वाटायचं. म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी १९८७ची. सासवडच्या एका वाड्यात सात वर्षं जागची हलली नव्हती. टाकी आतून गंजलेली, पिस्टन धरलेला (सिलेंडरमध्ये अडकून बसलेला), डाव्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीचं घर. कागद मात्र चोख होते, म्हणूनच घेतली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. त्यामुळे गाडीआधी आरसी बुक बघा.

मैसूरच्या आयडियल जावाने रोडकिंग १९७८मध्ये आणली आणि १९९६मध्ये कारखाना बंद झाला. २०२२मध्ये येझदी हे नाव परत आलं, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक. त्यांच्या इंजिनातलं काहीच आपल्या कामाचं नाही. मग सुट्या भागांसाठी उरते पुण्यातली नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. नव्या पॅकिंग आणि केबल नाना पेठेतून आणल्या, पण गिअरचा एक दाता तुटलेला होता, तो गिअर जुन्या बाजारात मिळाला. नव्या नकली मालापेक्षा मूळ कंपनीचा वापरलेला गिअर बरा, असं माझं मत झालंय.

मला दोन माणसांनी सांभाळलं. एक कोथरूडचे काका, निवृत्त टर्नर, स्वतःच्या तीन येझद्या. दुसरा पिंपरीत सीएनसीवर काम करणारा माझ्याच वयाचा मित्र. काका पहिल्या दिवशी म्हणाले, "पाना खाली ठेव. आधी फोटो काढ. मग एका ठिकाणचे नट एका डबीत." श्रीखंडाचे बावीस रिकामे डबे जमवले, प्रत्येकावर मार्करने नाव घातलं. जोडणीच्या वेळी एकही वॉशर उरला नाही.

काकांचं एक ऐकलं नाही, आणि ते चांगलंच नडलं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीत, ओढलं जातं आणि तिथून दाबाने सिलेंडरमध्ये जातं, म्हणून क्रँककेस हवाबंद हवी. हे काम क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन टोकांची ऑइल सील, म्हणजे रबरी कडी, करतात. क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं: पांढरा धूर, आणि ऑइल घटत जातं. डायनॅमोकडचं गेलं तर बाहेरची हवा शिरते: मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग आपोआप चढतं, इंजिन तापतं. काका म्हणाले होते, दोन्ही बदल. डायनॅमोकडचं मला चांगलं दिसलं, तसंच ठेवलं.

सातशे किलोमीटर झाले होते. दिवेघाटात ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन ओरडतच राहिलं, आणि पुढच्या वळणावर पिस्टन धरला. मागचं चाक जाम. क्लच दाबला गेला म्हणून वाचलो. काका टेम्पो घेऊन आले. रागावले नाहीत. संध्याकाळी पिस्टन बाहेर काढून त्यांनी एक्झॉस्टच्या बाजूचे उभे ओरखडे माझ्याच नखाने मला चाचपायला लावले. "तेल कमी पडलेलं नाही रे. हवा खाल्लीय तिने." सिलेंडर पुन्हा बोअर, ०.५० मिमी मोठा पिस्टन, दोन्ही सील नवी. त्यानंतरचे साडेतीन हजार किलोमीटर निर्धास्त गेले.

बारा व्होल्टवरून मात्र काकांचं आणि मित्राचं आजही पटत नाही. मूळ गाडी सहा व्होल्टची, ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या पॉइंटवाली. काकांना ती तशीच हवी. मी मित्राचं ऐकून बारा व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. रोज चालवायची तर दर थोड्या दिवसांनी फीलर गेज (मापाची पातळ पट्टी) घालून पॉइंटमधला ०.४ मिमीचा गॅप बघत बसणं शक्य नाही, आणि रात्री कात्रजच्या घाटात आता रस्ता दिसतो. रविवारपुरती गाडी असती तर काकांचं ऐकलं असतं.

पेट्रोलकडे लक्ष द्या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. चौथ्या महिन्यात टाकीखालच्या पेट्रोल कॉकचा रबरी वॉशर फुगून पेट्रोल ठिबकायला लागलं. वॉशर आणि नळी इथेनॉलला टिकणारी घातली, मिश्रण पातळ पडू नये म्हणून कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा केला. आता प्लग काढला की बिस्किटासारखा तपकिरी दिसतो, म्हणजे मिश्रण बरोबर आहे. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर मी टाकी रिकामी करतो, कारण इथेनॉल हवेतला ओलावा धरतं. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला ४० मिली.

ब्रेक कमजोर आहेत, दोन्हीकडे ड्रम. पावसात पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो. मायलेज २८. क्रोमवर घातलेले पैसे वाया गेले, पाच महिन्यांत ठिपके आले.

आणि ती किक! आत दाबून उभी करायची, मारायची, पुढे घेतली की तोच गिअरचा दांडा. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो; त्याचं ॲडजस्टमेंट बसवायला तीन रविवार लागले. ज्या दिवशी बसलं, त्या दिवशी लक्ष्मी रोडच्या गर्दीत क्लचला हात न लावता गिअर बदलत गेलो आणि घरी आल्याआल्या काकांना फोन केला.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जमतात. त्याआधी दोन्ही सायलेन्सरचे बॅफल (आतल्या नळ्या) काढून त्यांवरची काजळी जाळायची आहे. उजव्यातून धूर डाव्यापेक्षा कमी यायला लागलाय.