पीएफ सरकारने भरला, पगार मालकाने: कोविडकाळातल्या दोन योजनांचं परीक्षण

मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात कारखानदारांच्या हाती दोन गोष्टी आल्या. २६ तारखेला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं आणि त्यात लहान आस्थापनांचा पीएफ सरकार भरेल असं सांगितलं. २९ तारखेला गृह मंत्रालयाचा आदेश निघाला: टाळेबंदीत काम बंद असलं तरी कामगाराला पूर्ण पगार वेळेवर द्यायचा, कपात करायची नाही. म्हणजे पगार शंभर टक्के मालकाने द्यायचा आणि त्या पगारावरचे चोवीस टक्के सरकार पीएफ खात्यात टाकणार. योजनेचं मोजमाप करायचं ते इथून. त्याच काळात ब्रिटनमध्ये काम नसलेल्या कामगाराच्या पगाराचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांपर्यंत, सरकार देत होतं. आपली योजना त्या जातीची नव्हती. तिला वेतन अनुदान म्हणणाऱ्यांनी मालकांची अपेक्षा फुकट वाढवली.

प्रत्यक्षात किती मिळालं ते आकड्यांत पाहू. ४० कामगार, प्रत्येकाचा पीएफचा पगार १४,००० रुपये. कामगाराचा हिस्सा १२ टक्के म्हणजे १,६८०. मालकाचा हिस्साही १,६८०, त्यातले १,१६६ पेन्शनला आणि ५१४ पीएफला. एका कामगारामागे ३,३६०, चाळीस जणांचे महिन्याला १,३४,४०० रुपये सरकारने भरले. सुरुवातीला मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने होते, नंतर जून ते ऑगस्ट वाढवले. सहा महिन्यांचे ८,०६,४०० झाले.

आकडा मोठा दिसतो, पण त्यातला अर्धा मालकाचा नाहीच. कामगाराचे १२ टक्के सरकारने भरल्यावर ते पगारातून कापायचे नाहीत. त्यामुळे कामगाराच्या हातात १२,३२० ऐवजी पूर्ण १४,००० पडायला हवेत. मालकाची बचत फक्त त्याच्या हिश्श्याची, ६७,२०० रुपये. त्याचा महिन्याचा एकूण खर्च, पगार ५,६०,०००, पीएफ ६७,२०० आणि ईडीएलआय (पीएफला जोडलेला विमा) व प्रशासन शुल्क मिळून ५,६००, असा ६,३२,८०० होता. सवलत पडली जेमतेम साडेदहा टक्के. कारखाना चालू असेल तर हा आधार चांगला आहे. शटर बंद असेल आणि उधारी अडकली असेल, तर उरलेले साडेएकोणनव्वद टक्के कुठून आणायचे, या प्रश्नाला योजनेत उत्तर नव्हतं. पूर्ण पगाराचा तो आदेश मे महिन्यात मागे घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि कामगारांनी आपापसांत बोलून तोडगा काढावा असं सांगितलं. तोवर एप्रिलचा पगार देऊन झालेला होता, किंवा थकलेला होता.

इथेच सगळ्यात जास्त झालेली चूक सांगायला हवी. सरकार चोवीस टक्के भरतंय हे कळल्यावर काही ठिकाणी पगारपत्रकात कामगाराची १२ टक्के कपात तशीच चालू राहिली. सॉफ्टवेअरमधला कपातीचा रकाना कोणी बदललाच नाही, एवढंच कारण. ती रक्कम कामगाराची आहे आणि ती परत करावीच लागते. सवलतीच्या महिन्यांच्या पगारपत्रकात पात्र कामगारासमोर पीएफ कपात शून्य दिसली पाहिजे. हिशेबाच्या वहीतही तेच: सरकारने भरलेला मालकाचा हिस्सा खर्चात धरता येत नाही.

पात्रतेच्या अटी वाचायला सोप्या होत्या: आस्थापनेत जास्तीत जास्त १०० कर्मचारी, आणि त्यातले किमान ९० टक्के महिना १५,००० रुपयांपेक्षा कमी पगाराचे. अडचण ‘पेक्षा कमी’ या शब्दांत होती. पीएफची कायदेशीर वेतनमर्यादा १५,००० असल्यामुळे जास्त पगाराच्या माणसाचाही पीएफ पगार बरोबर १५,००० दाखवायची पद्धत घरोघरी आहे. असा माणूस पात्र नाही, आणि ९० टक्क्यांच्या मोजणीत तो वरच्या गटात जातो. चाळीसच्या कारखान्यात असे चार असतील तर ३६ जण खाली, बरोबर ९० टक्के, सगळं ठीक. पाच असतील तर ३५, म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के, आणि अख्खी आस्थापना बाहेर. एका सुपरवायझरमुळे पस्तीस कामगारांचे दरमहा ३,३६० गेले. १०० आणि १०१ यांतही हीच दरी. टप्प्याटप्प्याने कमी होणारी सवलत ठेवली असती, तर मध्यम कारखाने असे एका माणसावरून तुटले नसते. योजनेच्या रचनेतला हा आमच्या मते सर्वांत मोठा दोष आहे.

खालच्या बाजूलाही उंबरठा होता, त्याबद्दल फार कमी बोललं गेलं. पीएफ कायदा साधारणपणे २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतल्या आठ-दहा माणसांच्या यंत्रमागाला, गल्लीतल्या वर्कशॉपला, खानावळीला ही योजना दारातूनच परत पाठवत होती. ज्याने स्वेच्छेने पीएफ नोंदणी केली होती तोच आत. सगळ्यात कमी भांडवलाचा मालक आणि सगळ्यात कमी पगाराचा कामगार या रचनेत बसलेच नाहीत.

कामकाजाच्या बाजूने मात्र योजनेला चांगले गुण द्यावे लागतात. वेगळा अर्ज नाही, कार्यालयात खेटे नाहीत, परताव्याची वाट नाही. पीएफच्या युनिफाइड पोर्टलवर नेहमीची ईसीआर फाइल, म्हणजे कामगारवार भरण्याचं मासिक विवरण, भरायची, पगार दिल्याचं प्रमाणपत्र आणि घोषणा जोडायची. प्रणाली पात्र यूएएन (कामगाराचे कायमचे पीएफ क्रमांक) स्वतः निवडून चलनात सरकारचा भाग आणि मालकाचा भाग वेगळा दाखवायची. परतावा मागायचा असता तर निम्मे लहान मालक तिथेच गळाले असते. मार्चच्या ईसीआरची मुदत १५ एप्रिलवरून १५ मेपर्यंत वाढवली, आणि ३० एप्रिलला ईसीआर दाखल करणं आणि पैसे भरणं या गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या. रोकड नव्हती त्या महिन्यात हा निर्णय फार उपयोगी ठरला: विवरण वेळेवर गेलं, भरणा नंतर झाला. डिजिटल सहीचं टोकन बंद ऑफिसच्या कपाटात अडकलेल्यांना ई-साइनची (ऑनलाइन सहीची) विनंती ईमेलने पाठवायची मुभा दिली, तीही वेळेवर.

पण चलनातल्या एका ओळीकडे अनेकांचं दुर्लक्ष झालं. ईडीएलआयचा अर्धा टक्का आणि प्रशासन शुल्काचा अर्धा टक्का सरकार भरत नव्हतं. आपल्या उदाहरणात ते ५,६०० रुपये. शिवाय अपात्र कर्मचाऱ्यांचा पूर्ण भरणा मालकाकडेच. मालकाचा हा भाग जमा झाल्यावरच सरकारचे पैसे कामगारांच्या खात्यात जात. ‘सरकार भरतंय’ म्हणून चलन तसंच ठेवलं, तर ५,६०० पायी १,३४,४०० अडकत.

दुसरा अडथळा आधारचा. यूएएनला आधार जोडलेलं नसेल तर तो कामगार सवलतीतून वगळला जायचा. नाव न जुळणं हे नेहमीचं कारण: आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पीएफमध्ये फक्त आडनाव, लग्नानंतर बदललेलं नाव एका ठिकाणी नवं, दुसरीकडे जुनं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. दुरुस्तीसाठी तेव्हा मालक आणि कामगार दोघांची संमती लागायची आणि कामगार तर टाळेबंदीत गावी गेलेला. ज्यांनी फेब्रुवारीपर्यंत केवायसी पूर्ण केली होती त्यांना पहिल्या महिन्यापासून लाभ मिळाला, बाकीचे धावत राहिले. जुलै २०२०मध्ये मंत्रिमंडळाने मुदतवाढ मंजूर करताना ७२ लाखांहून अधिक कामगार आणि ४,८६० कोटींचा अंदाज धरला होता; पोहोचले सुमारे ३८.८ लाख कामगारांपर्यंत सुमारे २,५६७ कोटी. अंदाजाच्या निम्म्याच्या आसपास. आधी पगार देण्याची अट आणि कागदपत्रांतल्या या गाठी, दोन्हींचा त्यात हात आहे.

योजनेत न बसणाऱ्या खासगी आस्थापनांसाठी मे ते जुलै २०२० पीएफचा दर १२वरून १० टक्के केला होता. त्यात सरकारने पैसे दिले नाहीत, फक्त बचत कमी करून रोकड मोकळी केली. सीटीसीवर, म्हणजे मालकाचा पीएफ हिस्सा धरून ठरलेल्या एकूण रकमेवर, पगार असेल तर मालकाचे वाचलेले दोन टक्केही कर्मचाऱ्यालाच द्यायचे होते, हे बऱ्याच एचआर विभागांच्या उशिरा लक्षात आलं.

दुसरी योजना आत्मनिर्भर भारत रोजगार योजना. नोव्हेंबर २०२०मध्ये जाहीर झाली आणि १ ऑक्टोबर २०२०पासून लागू धरली. नोंदणीची मुदत आधी ३० जून २०२१, नंतर ३१ मार्च २०२२. इथे जुन्या कामगारासाठी काही नाही. १५,०००पेक्षा कमी पगाराचा नवा माणूस घेतला, किंवा १ मार्च ते ३० सप्टेंबर २०२० दरम्यान काम सुटलेला माणूस घेतला, तर त्याचे चोवीस टक्के २४ महिने सरकार भरणार. हजारापेक्षा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला फक्त कामगाराचे १२ टक्के. सप्टेंबर २०२०च्या संख्येवर ५०पर्यंतच्या आस्थापनेने किमान दोन आणि त्यापुढच्यांनी किमान पाच माणसं वाढवायची.

दोन वर्षांची हमी ही या योजनेची खरी ताकद. पहिल्या योजनेत तीन-तीन महिन्यांच्या घोषणांवर कोणी भरती ठरवू शकत नव्हतं. इथे ठरवता आली.

पण सप्टेंबर २०२० हा पाया धरण्यात अन्याय झाला, आणि तो स्पष्ट म्हणायला हवा. फेब्रुवारीत ४५-४५ माणसांचे दोन कारखाने घ्या. एकाने कर्ज काढून सगळ्या पंचेचाळिसांना टिकवलं. दुसऱ्याने पंधरा कमी केले. मार्च २०२१मध्ये दोघे पुन्हा ४५वर. पात्रता जुळली तर दुसऱ्याच्या पंधरा जणांचे, १४,०००च्या पगारावर, महिना ५०,४०० आणि दोन वर्षांत १२,०९,६०० सरकारने भरले. पहिल्याला शून्य. फेब्रुवारी आणि सप्टेंबर यांपैकी जी संख्या जास्त ती पाया धरली असती, तर माणसं सांभाळणारा मालक मागे पडला नसता.

या योजनेत दावे अडकले ते मुख्यतः कामाच्या शेवटच्या तारखेवरून. जुन्या मालकाने पोर्टलवर ती भरली नसेल, तर कामगार अजून तिथेच आहे असं प्रणालीला दिसतं. उपाय कामगाराच्याच हातात आहे: शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने झाले की सदस्य पोर्टलवर आधार ओटीपी देऊन तो स्वतः तारीख नोंदवू शकतो. मात्र तारीख शेवटचा भरणा झालेल्या महिन्यातलीच चालते. हा त्रास टाळायला काहींनी जुना यूएएन लपवून नवा काढला. आधारवरून तो उघडा पडतो आणि दावा जातो. गळती हेही दुखणं होतं. पाया ४५, दोघे गेले, तिघे आले, तर वाढ एकाचीच आणि अट दोनची. शिलाई आणि पॅकिंगसारख्या कामात, जिथे माणसं सतत बदलतात, तिथे दर महिन्याला ईसीआर भरण्याआधी ही वजाबाकी करावी लागायची.

गुण द्यायचे तर गरीब कल्याणच्या पीएफ सवलतीला कामकाजासाठी पाचपैकी चार, मदतीच्या मापासाठी दोन. आत्मनिर्भरला मुदतीसाठी चार, पायाच्या निवडीसाठी दीड.

१ ऑगस्ट २०२५पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत दोन आणि पाचची अट पुन्हा आली आहे, मालकाचा प्रोत्साहन निधी थेट त्याच्या पॅनशी जोडलेल्या खात्यात येतो, आणि वाढवलेली माणसं किमान सहा महिने टिकवावी लागतात. रेषा मात्र किंचित सरकली आहे: आधी ५०पर्यंत दोन होते, आता ५०पेक्षा कमी असतील तरच दोन. बरोबर पन्नास माणसांच्या कारखान्याने जुन्या अनुभवावरून दोनच भरती केले, तर तीन कमी पडतील.