अ‍ॅटलास आणि स्क्रीनवरचे नकाशे: नववी-दहावीला दहा महिने वापरल्यावर

आधीच सांगते, मी काही कॉम्प्युटरवाली बाई नाही. उजनीच्या बॅकवॉटरला लागून असलेल्या एका गावात माध्यमिक शाळेवर भूगोल शिकवते, नववी-दहावीचे मिळून तीन वर्ग. गेल्या जूनमध्ये ठरवलं की ह्या वर्षी नुसतं पुस्तक वाचून दाखवायचं नाही, प्रत्येक धड्याला नकाशा उघडायचाच. त्यासाठी काय काय वापरलं तर छापील शालेय अ‍ॅटलासच्या अठरा प्रती (दोघांत एक, एका बाकाला एक), गूगल अर्थ प्रो, इस्रोचं भुवन (ऑनलाइन नकाशांची साइट), आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट्स, म्हणजे एकेका छोट्या भागाचे बारीक तपशिलाचे नकाशे. प्रोजेक्टर शाळेचा, लॅपटॉप माझ्या पोराचा जुना, नेट माझ्या मोबाइलचं. म्हणजे बजेट विचाराल तर अ‍ॅटलास सोडून बाकी सगळं फुकटच, फक्त डेटा पॅक संपायचा आणि घरी बोलणी खायची.

पहिल्या आठवड्यातच गंमत झाली. दहावीला भारत आणि ब्राझीलची तुलना आहे हे माहितीय ना, तर मी मोठ्या उत्साहाने स्क्रीनवर पृथ्वी फिरवत फिरवत ब्राझीलवर नेली, पोरं खूश, शिट्ट्या मारायचीच बाकी होती. मग एकाने हात वर केला, मॅडम आपलं गाव दाखवा. दाखवलं. मग माझं घर, माझं रान, माझी शाळा, मंदिर, ऊस, झालं, तास संपला. आणि वर एक पोरगी विचारते, मॅडम आत्ता आमच्या दारात कोण बसलंय दिसतंय का हो? म्हणजे पोरांना ते लाइव्ह वाटत होतं. खाली कोपऱ्यात फोटोची तारीख असते ती दाखवली, तिच्या घराचा नवा स्लॅब त्यात नव्हताच, तेव्हा कुठे पटलं. तेव्हापासून नियमच केला, स्क्रीन उघडली की आधी तारीख वाचायची, मोठ्याने, सगळ्यांनी.

सहामाहीत फटका बसला तो वेगळाच. तोंडी विचारलं तर पोरं धडाधडा सांगत होती, ब्राझीलिया १९६० ला राजधानी झाली, वरून बघितलं की विमानासारखी दिसते, अ‍ॅमेझॉन इकडून तिकडे जाते वगैरे. पण कोरा आराखडा हातात दिला आणि ब्राझीलिया दाखवा म्हटलं तर निम्म्या वर्गाने ती समुद्रकाठाला नेऊन ठेवली. एकाने तर विषुववृत्तावर. मी घरी पेपर तपासत कपाळ धरून बसले. नंतर लक्षात आलं की चूक माझी होती, स्क्रीनवर आपण उडत उडत थेट जागेवर जाऊन उतरतो, मधलं काही बघतच नाही, म्हणजे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने झोपून पुण्याला गेल्यासारखं, पोचलो खरं पण वाटेत काय लागलं विचारू नका. बोर्डाच्या ४० मार्कांच्या पेपरात कोरा आराखडाच येतो, तिथे झूम करायची सोय नाही.

दिवाळीनंतर मग उलटं केलं. आधी अ‍ॅटलास. मागची सूची उघडायची, नाव शोधायचं, अक्षांश-रेखांश वहीत लिहायचे, पानावर बोट ठेवायचं, शेजारी काय आहे ते तीन गोष्टी सांगायच्या, आणि मगच स्क्रीन. सुरुवातीला पोरं कुरकुरली, सूचीत नाव शोधायला दहा दहा मिनिटं लागायची. त्यातून आमच्या अ‍ॅटलासमध्ये ब्राझीलच्या शहरांची स्पेलिंगं एक, पुस्तकात दुसरी, स्क्रीनवर इंग्रजीत तिसरीच, त्यामुळे मनाउस शोधताना भांडणंच झाली. पण एकदा सापडलं की विसरत नाहीत हे मात्र खरं. आणि मनाउस सापडल्यावर स्क्रीनवर नेऊन दाखवलं की रिओ नेग्रो नदीचं काळं पाणी आणि सोलिमोइस नदीचं गढूळ पाणी कितीतरी किलोमीटर शेजारी शेजारी वाहतं, मिसळतच नाही, तेव्हा वर्गात जी शांतता झाली ती मला वर्षभरात दोनदाच मिळाली. कारण फळ्यावर लिहून दिलं, वेग वेगळा, तापमान वेगळं, घनता वेगळी. ते पाठ करायला सांगावंच लागलं नाही.

ब्राझीलमधल्या रोंडोनियाचं जंगलही दाखवलं. टाइमलॅप्समध्ये, म्हणजे एकाच जागेची वर्षावर्षाची उपग्रहचित्रं ओळीने दाखवतात त्यात, १९८४ पासून पुढे सरकवत नेलं की आधी सलग हिरवं, मग एक रस्ता, मग त्याला आडवे फाटे, माशाच्या काट्यासारखे, आणि मग फाट्यांच्या मधलंही साफ. एक पोरगं म्हणालं, मॅडम कॅनॉलला पोटचाऱ्या काढल्यागत दिसतंय. अगदी बरोबर बोलला. छापील नकाशात हे कधीच कळलं नसतं, तिथे सगळं एका हिरव्या रंगात रंगवलेलं असतं.

आता दोऱ्याची गोष्ट, ही मला सगळ्यात आवडली. नववीला भीमा नदीची लांबी मोजायला दिली. शिलाईचा पांढरा दोरा, ओला करून नदीच्या निळ्या रेषेवर बसवायचा, सरळ करून पट्टीवर मोजायचा, प्रमाण गुणायचं. त्या पानावर एक सेंटिमीटर म्हणजे ७५ किलोमीटर. कुणाचं ८.३ सेंटिमीटर आलं म्हणजे ६२२ किलोमीटर, कुणाचं ५९० च्या आसपास, एका गटाचं साडेसहाशेच्या वर. मी फळ्यावर लिहिलं ८६१. पोरं भांडायलाच उठली, मॅडम आमचा दोरा बरोबर आहे, पुस्तक चुकलंय. मी काही बोलले नाही, गूगल अर्थवर पंढरपूर काढलं आणि म्हटलं आता हे वळण अ‍ॅटलासमध्ये दाखवा. नाहीच दिसत, तिथे सरळ रेष आहे. इथे चंद्रकोरीसारखं वळण आहे म्हणून तर चंद्रभागा म्हणतात, आषाढीला दरवर्षी जाणारी पोरं ती, त्यांना सांगायला नको. मग एका गटाने माऊसने टिंबं टिंबं देत वळणं मोजायला घेतली, दोन वळणं झाली तोवर बेल झाली. पण लहान प्रमाणाच्या नकाशात वळणं सरळ करून टाकतात म्हणून लांबी कमी येते हे मला तोंडाने सांगावं लागलं नाही, एक मुलगी स्वतःहून बोलली, मॅडम म्हणजे नकाशा जेवढा बारका तेवढा खोटा का? खोटा नाही गं, म्हटलं, थोडक्यात सांगितलेला.

उंचीच्या आलेखाची सोय प्रोमध्ये आहे, ती तर भूगोलवाल्यांनी वापरलीच पाहिजे. रत्नागिरीपासून सोलापूरपर्यंत एक रेघ ओढायची आणि एलेव्हेशन प्रोफाइल दाखव म्हणायचं. कोकण, मग एकदम भिंत, मग पूर्वेला हळूहळू उतरत गेलेलं पठार, सगळं एका रेषेत. त्याच्याच खाली अ‍ॅटलासचा पावसाचा नकाशा धरला की पर्जन्यछाया म्हणजे काय आणि आपल्याकडे पाऊस का नाही हे पाच मिनिटांत. फक्त माझ्यासारखा गाढवपणा करू नका, उंची फुगवून दाखवायची एक सेटिंग असते, मी हौसेने तीनवर नेऊन ठेवली आणि विसरले, पुढचे दोन आठवडे पोरांच्या वहीत सह्याद्री हिमालयासारखा. कळसूबाई १६४६ मीटर लिहिलंय आणि चित्रात बर्फ!

वाररेषेच्या, म्हणजे जिथे तारीख बदलते त्या रेषेच्या, धड्याला मात्र अ‍ॅटलास कामाचाच नाही, हे कबूल करते. जगाचा नकाशा मधोमध शून्य रेखांश धरून छापलेला, त्यामुळे १८० अंशाची रेष पानाच्या दोन्ही टोकांना फाटून जाते आणि पोरांना वाटतं दोन वेगळ्या रेषा आहेत. स्क्रीनवर गोळा फिरवला, पॅसिफिक समोर आणला, रशियाचं मोठं डायोमीड आणि अमेरिकेचं छोटं डायोमीड दाखवलं, मध्ये जेमतेम चार किलोमीटर पाणी आणि तारीख वेगळी. सामोआने २०११ साली रेषेची बाजू बदलली तेव्हा ३० डिसेंबर हा दिवसच त्यांच्या कॅलेंडरात आला नाही, हे सांगितल्यावर पहिला प्रश्न काय आला असेल? त्या दिवशी वाढदिवस असलेल्यांचं काय!

तसंच क्षेत्रफळाचं. भिंतीवर जो जुना मर्केटर नकाशा लटकतोय त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो. ग्रीनलँड साधारण २१.६६ लाख चौरस किलोमीटर, भारत ३२.८७ लाख, म्हणजे आपण त्याच्यापेक्षा मोठे, आणि आफ्रिका तर त्याच्या चौदापट. १५६९ मध्ये दर्यावर्दी लोकांच्या सोयीसाठी केलेला नकाशा तो, दिशा बरोबर राहावी म्हणून आकाराचा बळी दिलेला. ब्राझील ८५.१५ लाख, भारताच्या अडीचपटीहून जास्त, हे आकड्याने कळत नाही, गोळ्यावर एकामागून एक दोन्ही समोर आणले की कळतं.

तक्रारी? आहेत की. आमच्या अ‍ॅटलासची छपाई, प्रकाशकाचं नाव नको, काही पानांवर रंग सरकलेले, नदी एकीकडे आणि तिचा निळा रंग दुसरीकडे. कपाटातल्या जुन्या प्रतींत तेलंगण नाही, पालघर नाही, जम्मू-काश्मीर आणि लडाख वेगळे नाहीत, त्या मी फेकल्या नाहीत, उलट 'चुका शोधा' म्हणून नववीला दिल्या, मस्त तास झाला. ऑनलाइन नकाशांचं म्हणाल तर सीमारेषा जपून, बाहेरच्या काही साइटवर आपल्या सीमा तुटक रेषेने दाखवतात आणि पोरं तसंच वहीत काढतात, म्हणून भारताचा राजकीय नकाशा मी फक्त सर्व्हे ऑफ इंडियाचा किंवा भुवनवरचा घेते. आणि लाइट. लाइटचं काय बोलायचं. आदल्या रात्री घरी त्या त्या जागा एकदा उघडून ठेवल्या की चित्रं लॅपटॉपमध्ये साठून राहतात, मग वर्गात नेट रडलं तरी चालून जातं, शिवाय चार-पाच चित्रं सेव्ह करून ठेवायची. प्रोजेक्टरचा दिवा जानेवारीत गेला तो अजून आलेला नाही, बिल मंजूर व्हायचंय म्हणे.

आता उजनीचं सांगते, नाहीतर राहून जाईल. आमच्याकडे उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये जातं, म्हणजे साठा मृत पातळीच्या खाली, हा शब्द पहिलीतल्या पोरालाही माहीत. प्रोमध्ये घड्याळाचं बटण दाबून वेगवेगळ्या तारखांची चित्रं काढली, एका उन्हाळ्यातलं आणि एका पावसाळ्यानंतरचं, पाण्याची कड कुठून कुठे जाते ते पोरांनी ट्रेसिंग पेपरवर उतरवलं. मग कुणीतरी म्हणालं, धरणाच्या आधीचं दाखवा. मागे नेत नेत नेलं, पण टाइमलॅप्स १९८४ ला थांबतो आणि धरण १९८० चं. पाणी तिथे आधीच आहे. पोरांचा हिरमोड.

शाळेच्या कपाटात, ग्लोबच्या खोक्याखाली, एक जुनी टोपोशीट निघाली होती, ४७ जे/१६, इंचाला एक मैलवाली, घडीवर फाटलेली, मागून कुणीतरी कापड चिकटवलेलं. मी ती कधी नीट बघितलीच नव्हती. टेबलावर पसरली तर त्यात धरण नाही. भीमा एक साधी नदी, वाळूच्या टिंबांनी भरलेली, आणि काठाला गावं, जुन्या पळसदेवसकट, जिथलं देऊळ आता पाणी उतरलं की वर येतं. एक मुलगी नावं वाचत वाचत थांबली. मॅडम, हे माझ्या आज्जीचं माहेर. आम्ही त्या शीटवर अ‍ॅटलास ठेवला नाही, प्रोजेक्टर लावला नाही, सगळा वर्ग टेबलाभोवती, मागचे बाकावर चढलेले.

पुढच्या शनिवारी ती आज्जीलाच घेऊन आली. आज्जींना वाचता येत नाही. नातीने बोट धरून नावावर ठेवलं, त्यांनी बोट तिथून काढलं आणि नदीच्या रेषेवर ठेवलं, तिथून हळूहळू वर सरकवत नेलं आणि मला विचारलं, "बाई, ह्यात हीर कुठं हाय?" विहिरीची खूण म्हणजे बारीकसा निळा गोल, मी भिंग आणून शोधला. गावाच्या उत्तरेला दोन होते. त्या म्हणाल्या, एक पाटलांची, एक आमची, तिसरी न्हाई दावली. मग तिसरी कुठे होती ते त्यांनी सांगितलं आणि पोरीने वहीत वेगळ्या रंगाने तिथे गोल काढला. सांकेतिक चिन्हांचा धडा मी दरवर्षी शिकवते, तक्ता लावून, ह्या वर्षी तो तक्ता काढायची वेळच आली नाही.

तर ज्यांना सुरू करायचंय त्यांनी आधी पैसे अ‍ॅटलासवर घाला, दोघांत एक तरी पाहिजेच, चौघांत एक दिला की दोघं खिडकीबाहेर बघतात. घेताना सूची आहे का, प्रमाण प्रत्येक पानावर छापलंय का आणि रंग सरकले नाहीत ना एवढं दुकानातच बघा. आपल्या तालुक्याची टोपोशीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवरून घ्या, १:५०,००० ची, मोठी प्रिंट काढून लॅमिनेट करा. स्क्रीन आठवड्यातून एकदा पुरे, तीही शेवटच्या पंधरा मिनिटांत. मी पुढच्या जूनसाठी अजून बारा अ‍ॅटलास मागितलेत, हेडसर म्हणाले बघू. जुन्या शीटची रंगीत झेरॉक्स मात्र मी माझ्याच पैशाने काढून आणली, मूळ शीट आता पोरांच्या हातात देत नाही, घडीवर अजून थोडी फाटलीय.